दक्षिण सातारा : अकरा वर्षांचा जिल्हा

यशवंतराव चव्हाण यांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी आजोळी, देवराष्ट्रे गावी झाला. गाव तेव्हा सातारा जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात होते. १९४९ साली गाव दक्षिण सातारा जिल्ह्यात गेले. १९६० साली त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले, तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री खुद्द यशवंतरावच होते. पुढे खानापूर तालुका फोडून कडेगाव तालुका केला आणि देवराष्ट्रे त्यात पडले. सागरेश्वराच्या डोंगराशेजारचे ते गाव जागचे तसूभर हलले नाही, पण त्याचा पत्ता तीनदा बदलला.

या भागातल्या थोरांची चरित्रे वाचताना असा घोळ पदोपदी होतो. अण्णा भाऊ साठे यांचे वाटेगाव, क्रांतिसिंह नाना पाटील यांचे येडेमच्छिंद्र, वसंतदादा पाटील यांचे पद्माळे. यांतली पहिली दोन गावे एके काळी सातारा जिल्ह्यातली, तिसरे सांगली संस्थानातले, आणि आज तिन्ही सांगली जिल्ह्यात. आगरकरांचे टेंभू मात्र कऱ्हाडजवळ असल्यामुळे साताऱ्यातच राहिले. जुन्या पुस्तकात ‘सातारा जिल्हा’ वाचून कोणी आजच्या नकाशात वाटेगाव शोधू लागला तर त्याला ते सापडायचे नाही. १९४९ ते १९६० या अकरा वर्षांत जे झाले, ते समजून घेतल्याशिवाय या दोन जिल्ह्यांचा इतिहास नीट लागत नाही, असे मला ठामपणे वाटते. आणि त्या अकरा वर्षांकडे आपले फारच कमी लक्ष गेले आहे.

सुरुवात मागून करावी लागेल. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने त्यांच्या राज्याची हद्द ठरली. उत्तरेला नीरा आणि भीमा, दक्षिणेला कृष्णा आणि वारणा, पश्चिमेला सह्याद्री, पूर्वेला पंढरपूर-विजापूरकडचा मुलूख. आजचा नकाशा पाहा. सातारा जिल्ह्याची उत्तर सीमा अजून नीरेवर आहे आणि सांगली जिल्ह्याची दक्षिणेकडची सीमा बऱ्याच अंतरापर्यंत वारणेवर. म्हणजे दोन जिल्हे एकत्र धरले तर उत्तर-दक्षिणेची चौकट बरीचशी दोनशे वर्षांपूर्वीचीच आहे. ती पाण्याने आखलेली होती म्हणून टिकली. मधली रेघ मात्र कृष्णेच्या खोऱ्यात एकाच प्रकारच्या काळ्या शिवारांमधून जाते. शेणोली सोडून भवानीनगरकडे निघालेल्या गाडीतल्या माणसाला आपण जिल्हा ओलांडला हे कळत नाही.

साताऱ्याच्या नावाबद्दल दोन समजुती चालत आल्या आहेत. किल्ल्याला तट, बुरूज आणि दरवाजे मिळून सतरा होते म्हणून सातारा, ही एक. भोवतालच्या सात डोंगरांवरून सातारा, ही दुसरी. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती किल्ल्याच्या नावाची हकिकत, कारण तिला कागदाचा आधार आहे. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेबाने स्वतः किल्ल्याला वेढा घातला. किल्ला प्रयागजी प्रभू लढवत होते. १३ एप्रिल १७०० रोजी मोगलांनी सुरुंग उडवले. त्यांतल्या एकाने तटाचा भाग बाहेरच्या बाजूला कोसळला आणि हल्ल्यासाठी दबा धरून बसलेले मोगल सैन्यच त्याखाली गाडले गेले. पण महिनाभरापूर्वीच राजाराम महाराज वारले होते आणि अन्नधान्यही संपत आले होते. त्याच महिन्यात किल्ला खाली झाला. औरंगजेबाने शहजादा आझम याच्या नावावरून त्याला ‘आझमतारा’ म्हटले. ताराबाईंच्या काळात किल्ला परत मिळवला गेला आणि तो ‘अजिंक्यतारा’ झाला. मोगलांनी दिलेले नाव काही वर्षांत पुसले गेले. मराठ्यांनी दिलेले आज तीनशे वर्षे टिकून आहे.

इंग्रजांनीही नावे दिली. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांना उन्हाळ्यासाठी महाबळेश्वरचे पठार हवे होते. १८२९ साली प्रतापसिंह महाराजांशी करार करून त्यांनी ते घेतले आणि बदल्यात वाई भागातले खंडाळा गाव दिले. नव्या वस्तीचे नाव ‘माल्कमपेठ’ पडले. पुण्याहून साताऱ्याला जाणारा जुना रस्ता खंडाळ्यातून खंबाटकीचा घाट चढतो. त्या रस्त्यावरचे गाव देऊन डोंगरावरचे गाव घेतले गेले होते, ही गोष्ट आज घाटात वाहने अडकली की फार थोड्यांना आठवत असेल.

प्रतापसिंहांना १८३९ साली पदच्युत करून काशीला पाठवले गेले. त्यांचे बंधू शहाजी उर्फ आप्पासाहेब ५ एप्रिल १८४८ रोजी वारले, तेव्हा लॉर्ड डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले. दत्तक नामंजुरीच्या त्या धोरणाचा पहिला मोठा घाव साताऱ्यावर पडला. राज्याचा जिल्हा झाला, राजधानीचे जिल्ह्याचे ठिकाण झाले. मग त्याचे लचके तुटू लागले. पंढरपूर आणि सांगोला १८७१ साली सोलापूरकडे गेले, माळशिरस १८७५ साली. चंद्रभागेच्या वाळवंटापर्यंत पसरलेला सातारा माणदेशात येऊन थांबला.

शिल्लक राहिलेला जिल्हाही एकसंध नव्हता, ही या कहाणीतली सर्वांत गुंतागुंतीची गोष्ट. फलटण निंबाळकरांचे, औंध पंतप्रतिनिधींचे, जत डफळ्यांचे. दक्षिणेला पटवर्धनांची संस्थाने. १८०१ साली चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी चुलत्यांशी वाटणी करून मिरज सोडली आणि कृष्णाकाठी सांगलीला नवी राजधानी वसवली. सांगलीचा गणेशदुर्ग आणि गणपतीचे देऊळ त्या घराण्याचे. सहा गल्ल्यांचे गाव म्हणून सांगली, असे लोक सांगतात. पुढे मिरजेच्याही दोन पात्या झाल्या, थोरली मिरजेत आणि धाकटी बुधगावात. सांगली, मिरज आणि बुधगाव अशा तीन राजधान्या इतक्या जवळजवळ होत्या की सकाळी निघालेला माणूस जेवणवेळेपर्यंत तिन्ही राजवाड्यांवरून जाऊन यावा. शेजारचे तासगाव मात्र पटवर्धनांचे असूनही १८४८ सालीच वारसाअभावी इंग्रजांकडे गेले होते.

बरे, ही संस्थाने तरी सलग होती का? सांगली संस्थानाचे सहा तालुके होते : मिरजप्रांत, कुची, मंगळवेढा, तेरदाळ, शहापूर आणि शिरहट्टी. आज त्यांतले मंगळवेढे सोलापूर जिल्ह्यात आहे, शहापूर बेळगाव शहरात मिसळले आहे, तेरदाळ आणि शिरहट्टी कर्नाटकात आहेत. औंध संस्थानात बहात्तर गावे होती आणि तीही विखुरलेली. राजधानी औंध आजच्या खटाव तालुक्यात, आटपाडी माणदेशाच्या माळावर, कुंडल कृष्णाकाठी, गुणदाळ थेट विजापूरकडे. विट्याहून कऱ्हाडला बैलगाडीने निघालेला शेतकरी एका दिवसात इंग्रजी मुलखातून संस्थानात आणि संस्थानातून पुन्हा इंग्रजी मुलखात जाऊ शकत असे. कायदा वेगळा, कर वेगळा, फौजदार वेगळा.

या तुकड्यातुकड्यांच्या मुलखाला एका सुतात ओवले ते आगगाडीने. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर दुष्काळी भागात धान्य पोहोचावे म्हणून सदर्न मराठा रेल्वेचे जाळे विणले गेले. पुण्याहून मिरजेकडे जाणारा मीटरगेज मार्ग त्यातलाच, १८८० च्या दशकातला. त्याआधी कऱ्हाड भागाचा व्यापार कुंभार्ली घाट उतरून चिपळूणच्या बंदराकडे जात असे. लमाणांचे तांडे आणि बैलगाड्या पश्चिमेकडे वळत. रेल्वे आली आणि व्यापाराने तोंड फिरवले. माल उत्तर-दक्षिण धावू लागला.

पण रेल्वे गावांना टाळून गेली. तिला खंबाटकीचा रस्ता परवडणारा नव्हता. ती नीरा, लोणंद करत महादेवाचे डोंगर ओलांडून वाठारला आली आणि कोरेगाव, रहिमतपूरवरून कृष्णेच्या खोऱ्यात उतरली. सातारा शहर कोसभर नव्हे, कित्येक मैल बाजूला राहिले. मग स्टेशनाचे नाव ठेवले ‘सातारा रोड’. महाबळेश्वरला जाणारे साहेब वाठारला उतरून टांग्याने पाचगणीची वाट धरत. कऱ्हाडचे स्टेशन गावाबाहेर, कुंडलचे ‘कुंडल रोड’. सांगलीसारख्या राजधानीलाही मिरजेहून पाच मैलांचा फाटा काढून घ्यावा लागला.

गावाबाहेरच्या या ओसाड स्टेशनांजवळच महाराष्ट्रातले काही जुने कारखाने उभे राहिले, आणि या भागाच्या इतिहासातला हा मला सर्वांत अभिमान वाटणारा भाग आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या राजांनी कुंडल रोडजवळची निवडुंगाने भरलेली जमीन आणि कर्ज दिले. बेळगावहून हलवलेला नांगरांचा कारखाना तिथे उभा राहिला. वसाहतीचे नाव किर्लोस्करवाडी पडले आणि पुढे स्टेशनानेही आपले नाव सोडून तेच घेतले. कऱ्हाड स्टेशनाजवळ ओगले बंधूंच्या काच कारखान्याभोवती ओगलेवाडी वसली. तिथला प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत जळला. सातारा रोडला धनजीशा कूपर यांनी इंजिने आणि नांगर बनवले. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. कारखान्यांना रूळ हवे होते, मोकळी जमीन हवी होती, आणि ती गावाबाहेरच होती. सातारा रोड हे नाव आजही त्या वसाहतीला चिकटून आहे.

संस्थानी हद्दींचा हा गुंता १९४२ साली एकदम उपयोगी पडला. तोवर लोकांनी इंग्रजी कचेऱ्यांवर उघड मोर्चे काढले होते. ३ सप्टेंबरला तासगावच्या मामलेदार कचेरीवर हजारो लोक गेले. ९ सप्टेंबरला वडूजला मोर्चावर गोळ्या चालल्या आणि नऊ जण हुतात्मा झाले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरलाही गोळीबार झाला. उघड मार्ग बंद झाल्यावर भूमिगत झालेल्यांनी प्रतिसरकार उभे केले. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या या सरकारने गावोगाव न्यायनिवाडे केले, सावकारी आणि दरोडेखोरी मोडली. आता नकाशा आठवा. इंग्रजी पोलिसांना संस्थानच्या हद्दीत मनमानी करता येत नव्हती, आणि औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ सालीच गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेला स्वराज्याची घटना दिलेली होती. कुंडल औंधचे. त्यामुळे कुंडल हे चळवळीचे घर झाले. जी. डी. बापू लाड आणि त्यांची तुफान सेना तिथलीच. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची गाडी अडवली ती याच मंडळींनी. त्याच वर्षी २४ जुलैला वसंतदादांनी साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडला.

शेणोली आज सातारा जिल्ह्यात, कुंडल सांगली जिल्ह्यात. वडूज साताऱ्यात, इस्लामपूर सांगलीत. ‘साताऱ्याचे प्रतिसरकार’ असे आपण म्हणतो, आणि त्याची निम्मी गावे आजच्या साताऱ्यात नाहीत. शाळेतल्या मुलांना हे समजावून सांगितले पाहिजे. नाहीतर कुंडलच्या मुलाला वाटेल की प्रतिसरकार शेजारच्या जिल्ह्यात होते.

स्वातंत्र्यानंतर दक्षिणेतल्या संस्थानिकांनी ‘संयुक्त दक्षिण संस्थान’ उभारण्याचा प्रयत्न केला, पण तो काही महिन्यांतच विरला. प्रजेला सलग प्रांतात जायचे होते. ८ मार्च १९४८ रोजी ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. आता सरकारपुढे प्रश्न उभा राहिला. फलटण, औंध, जत, सांगली, मिरज यांचे तुकडे जुन्या सातारा जिल्ह्याला जोडले तर नीरेपासून जतच्या कन्नडभाषक गावांपर्यंत एक अवाढव्य जिल्हा होणार. जतच्या माणसाला जमिनीच्या कामासाठी साताऱ्याला जायचे तर दोन दिवस मोडायचे. म्हणून १ ऑगस्ट १९४९ रोजी जिल्ह्याचे दोन भाग झाले. उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. दक्षिणेकडे जुन्या जिल्ह्यातले खानापूर, तासगाव, वाळवा आणि शिराळा आले. संस्थानांतून मिरज आणि जत आले. फलटण उत्तरेला गेले. औंध संस्थान मधोमध चिरले गेले. राजधानी उत्तर साताऱ्यात, आटपाडी आणि कुंडल दक्षिणेत.

मुख्य ठिकाण ठरले सांगली. तिथे कचेऱ्यांना पुरतील अशा राजवाड्याच्या इमारती होत्या, विलिंग्डन महाविद्यालय होते, हळदीची मोठी पेठ होती, कृष्णेवर १९२९ साली बांधलेला आयर्विन पूल होता. सांगली संस्थानातल्या माणसाच्या दृष्टीने पाहिले तर गोष्ट मोठी विचित्र होती. राजधानी त्यांची, दफ्तर त्यांचे, आणि जिल्ह्याच्या पाटीवर नाव दुसऱ्याच गावाचे, ज्याच्याशी त्यांचा दीडशे वर्षे राज्यकारभाराचा संबंधच नव्हता. उलट वाळव्याच्या, खानापूरच्या माणसाला हे नाव जवळचे होते. तो साताऱ्याचाच होता. आपल्याच जिल्ह्याचा दक्षिण भाग, एवढाच त्याच्या लेखी बदल. ‘दक्षिण सातारा’ हे नाव म्हणजे या दोन प्रकारच्या माणसांमधली तडजोड होती. ती अकरा वर्षे चालली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजी दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली झाले. उत्तर सातारा पुन्हा नुसता सातारा झाला. १९६५ साली आटपाडी आणि कवठेमहांकाळ हे नवे तालुके झाले. पलूस आणि कडेगाव त्यानंतर कितीतरी वर्षांनी आले. आज साताऱ्यात अकरा तालुके आहेत, सांगलीत दहा.

तालुक्यांच्या नावांची तऱ्हा आणखी निराळी. खानापूर तालुक्याची कचेरी विट्याला, खटावची वडूजला, माणची दहिवडीला, जावळीची मेढ्याला, वाळव्याची इस्लामपूरला. एसटीच्या पाटीवर विटा आणि सातबाऱ्यावर खानापूर. बाहेरचा माणूस गोंधळतो, पण इथल्या माणसाला दोन्ही नावे तोंडपाठ असतात. ज्या गावाने एके काळी परगणा सांभाळला त्याचे नाव कागदावर राहिले, आणि बाजार, रस्ता किंवा पाणी जिथे सोयीचे तिथे कचेरी गेली. जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने इस्लामपूरचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय विधानसभेत जाहीर केला, तोही याच लांबलचक यादीतला अलीकडचा टप्पा.

प्रवासाची अडचण मात्र जिल्हा फोडून पुरती सुटली नाही. सांगली शहर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे. पुणे-बंगळूर महामार्ग कऱ्हाड, कासेगाव, पेठ नाका असा जातो आणि सांगलीला बाजूला ठेवतो. शिराळ्याच्या डोंगरातल्या माणसाला कोल्हापूर किंवा कऱ्हाड जवळ वाटते. रेल्वेने १९७० च्या सुमारास रुंद रूळ घातले तेव्हा काही चुका दुरुस्त झाल्या. सातारा आणि सांगली, दोन्ही शहरांना मुख्य मार्गावर स्टेशन मिळाले, तरी साताऱ्याचे स्टेशन आजही गावाबाहेर माहुलीच्या बाजूला आहे. मिरज जंक्शनचे महत्त्व तेवढे कायम राहिले. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पिण्याचे पाणी नेणारी गाडी निघाली ती मिरजेहून. पहिल्या खेपेला दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी गेले. दुष्काळी मुलखाला धान्य पोहोचवायला बांधलेल्या रेल्वेने शतकाहून अधिक काळानंतर कृष्णाखोऱ्यातले पाणी वाहून नेले.

सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाची व्यथा याच पाण्याशी जोडलेली आहे. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जुन्या साताऱ्याच्या पूर्वेला, माण, आटपाडी, जत भागात पाचशेच्या आसपास. २०१९ साली सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि शहर बुडाले. त्याच जिल्ह्यातली जतची गावे टँकरची वाट पाहतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतच्या चाळीस गावांवर हक्क सांगितला, तेव्हा त्यांनी बोट ठेवले ते याच गावांनी पूर्वी पाण्याच्या रागातून केलेल्या ठरावांवर. जिल्ह्याच्या ठिकाणापासून ऐंशी-शंभर किलोमीटर दूर असलेल्या माणसाचे दुःख तिथे वेळेवर पोहोचले नाही, हे त्या ठरावांमागचे खरे कारण आहे.

माणदेशाचेही तसेच. माण तालुका साताऱ्यात, आटपाडी सांगलीत, सांगोला सोलापुरात. तीन कलेक्टर, तीन जिल्हा परिषदा. ग. दि. माडगूळकर आणि व्यंकटेश माडगूळकर औंध संस्थानच्या आटपाडी भागातले. त्यांचा मुलूख कोणत्या जिल्ह्यात येतो हे त्यांच्या वाचकांनी कधी विचारले नाही. माणदेश म्हटले की पुरे. १९९६ साली काम सुरू झालेल्या टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी कऱ्हाडजवळ कृष्णेतून उचलले जाते, आगरकरांच्या गावाशी, सातारा जिल्ह्यात. तिथून ते टप्प्याटप्प्याने चढत कडेगाव, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळकडे आणि पुढे सांगोल्याकडे जाते. प्रतापसिंहांच्या तहातल्या मुलखाचा पश्चिम आणि पूर्व भाग आता या कालव्याने जोडला आहे, आणि आटपाडीच्या माळावर डाळिंबाच्या बागांना त्याच पाण्याची पाळी लागते.